वायर डिकीतच राहिली

हायब्रीड गाडी म्हणजे पेट्रोल आणि वीज या दोन्हींवर चालणारी गाडी, एवढं आता आपल्याकडेही बहुतेकांना माहीत झालं आहे. विशेषतः २०२२ नंतर मारुती आणि टोयोटाच्या अशा गाड्या आपल्या रस्त्यांवर बऱ्याच दिसू लागल्या. या गाड्यांचं भिंतीतल्या प्लगशी काही देणंघेणं नसतं. ब्रेक दाबला की थोडी वीज तयार होते, इंजिन चालताना थोडी होते, ती बॅटरीत साठते आणि पुन्हा चाकांना दिली जाते. मालकाने फक्त पेट्रोल भरायचं.

पण हिचीच एक थोरली बहीण आहे, प्लग-इन हायब्रीड. तिची बॅटरी बरीच मोठी असते, आणि ती रात्री घरी वायर लावून भरायची असते. भरली की पहिले तीसचाळीस किलोमीटर (हल्लीच्या काही गाड्या त्याहून बऱ्याच जास्त) नुसत्या विजेवर जातात. ऑफिस, बाजार, मुलांची शाळा, सगळं त्यात बसतं. लांब जायचं असेल तर पुढे पेट्रोलचं इंजिन आहेच. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहतो म्हणतात, पण इथे तो दोन्हीकडे जेवेल अशी सोय केलेली. कल्पना उत्तम. फक्त एक अट, वायर लावायची. आजचा लेख या गाडीवर, आणि खरं सांगायचं तर ही वायर लाखो लोकांनी लावलीच नाही त्यावर आहे.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला, त्यामुळे कुठलीही गोष्ट सांगायची म्हटली की मला आधी तिचं मूळ शोधावंसं वाटतं. (घरचे म्हणतात, चहा मागितला तरी ही आसामपासून सुरुवात करते.) तर या गाडीचं मूळ शंभर-सव्वाशे वर्षं मागे आहे. व्हिएन्नाच्या लोनर कंपनीत फर्डिनांड पोर्शे नावाचा तरुण इंजिनिअर कामाला होता. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याची विजेची गाडी झळकली. मोटर थेट चाकाच्या तुंब्यात बसवलेली! बॅटरी फार जड आणि फार लवकर संपणारी, म्हणून त्याने लगेच पुढची गाडी केली. तिच्यात पेट्रोलची इंजिनं होती, पण ती चाकं फिरवत नव्हती. ती वीज तयार करायची आणि ती वीज चाकांना जायची. पुढे अमेरिकेत शिकागोच्या वुड्स कंपनीनेही १९१६ च्या सुमारास दोन्ही शक्तींची गाडी काढली. पण तोवर पेट्रोल स्वस्त झालं होतं, फोर्डच्या गाड्या धडाधड निघत होत्या, आणि हा सगळा प्रकार अडगळीत गेला तो जवळजवळ ऐंशी वर्षं.

तो बाहेर आला टोयोटाच्या प्रियसमुळे. डिसेंबर १९९७ मध्ये ती जपानात आणि २००० साली अमेरिकेत विक्रीला आली. त्या वेळी कंपनीला एका गोष्टीची धास्ती होती. विजेची गाडी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वायर, चार्जिंग आणि वाटेत बंद पडणं येत असे. म्हणून या गाडीला प्लग लावावा लागत नाही, हे आवर्जून सांगितलं जात होतं. लोकांना ते पटलं आणि गाडी खपली.

गंमत म्हणजे, काही थोडे लोक याच गोष्टीवर नाराज होते! एवढी बॅटरी आहे, मोटर आहे, मग घरची वीज भरायची सोय का नाही, असं त्यांचं म्हणणं. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या विद्यापीठात अँड्र्यू फ्रँक नावाचे प्राध्यापक १९९० च्या दशकापासून विद्यार्थ्यांना हाताशी धरून अशा गाड्या बनवत होते. मग फेलिक्स क्रेमर यांनी कॅलकार्स नावाचा गट काढला, आणि त्यातल्या रॉन ग्रेम्बन यांनी २००४ साली स्वतःच्या गॅरेजात एका प्रियसमध्ये जादा बॅटऱ्या बसवून तिला प्लग लावला. बॅटऱ्या कसल्या, तर साध्या शिसे-आम्लाच्या, आपल्या इन्व्हर्टरला असतात त्या जातीच्या. डिकी बॅटऱ्यांनी भरून गेली, पण गाडी घरच्या विजेवर चालू लागली.

हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. प्लगसाठी पहिला आग्रह ज्यांनी धरला ते स्वतःच्या खिशातले पैसे घालून, गाडी उघडून, हात काळे करून तो बसवणारे लोक होते. असा माणूस रात्री वायर लावायला विसरेल का? त्यांच्या डोक्यात जी गाडी होती ती अशाच मालकाच्या हातातली होती.

मोठ्या कंपन्या मागाहून आल्या. चीनच्या बीवायडीने डिसेंबर २००८ मध्ये मोठ्या प्रमाणावर बनवलेली पहिली प्लग-इन गाडी बाजारात आणली, आणि डिसेंबर २०१० मध्ये अमेरिकेत शेव्हरले व्होल्ट आली. व्होल्टची एक कथा सांगण्यासारखी आहे. ऑगस्ट २००९ मध्ये, म्हणजे गाडी यायच्या आधीच, जनरल मोटर्सने जाहीर केलं की शहरात ही गॅलनला २३० मैल देईल. आपल्या भाषेत लिटरला जवळजवळ ९८ किलोमीटरचं ॲव्हरेज! मोपेडसुद्धा लाजेल. पण प्रत्यक्ष गाडी आली तेव्हा तिथल्या पर्यावरण खात्याने जे लेबल चिकटवलं त्यावर वेगळं लिहिलेलं होतं. बॅटरीवर ३५ मैल, आणि बॅटरी संपल्यावर गॅलनला ३७ मैल, म्हणजे लिटरला पावणेसोळा किलोमीटर. दोन्हींची गोळाबेरीज म्हणून ६० चा आकडाही होता.

मग २३० हा आकडा आला कुठून? खोटा होता का? नाही. त्यात फक्त एक गृहीतक होतं, की मालक नियमाने चार्जिंग करील. गृहीतक सैल केलं की तीच गाडी ९८ किलोमीटर देते, घट्ट केलं की सोळा. मला वाटतं, या गाडीच्या पुढच्या सगळ्या भानगडीचं बीज इथे आहे. साध्या गाडीचं ॲव्हरेज गाडीवर आणि थोडंफार चालवणाऱ्याच्या पायावर अवलंबून असतं. या गाडीचं ॲव्हरेज मालक रात्री काय करतो त्यावर ठरतं, आणि ते प्रयोगशाळेत मोजता येत नाही. ते मानून चालावं लागतं.

अमेरिकेत व्होल्टचे मालक तसे नियमाने वागले. सरकारी पाहणीत त्यांचे सत्तर टक्क्यांहून अधिक मैल विजेवर झालेले दिसले. गाडी त्यांनी स्वतः निवडलेली, बहुतेकांना घराचं गॅरेज, आणि पेट्रोलचे पैसे स्वतःचे.

आता अमेरिका सोडून हॉलंडला यायचं, कारण खरी गोष्ट तिथे घडली. तिथे नोकरदाराला कंपनीकडून गाडी मिळण्याची पद्धत फार आहे. ती गाडी तुम्ही घरच्या कामालाही वापरत असाल (वर्षाला ५०० किलोमीटरच्या वर), तर सरकार म्हणतं, हेही एक प्रकारचं उत्पन्न झालं. मग गाडीच्या किमतीचा ठरावीक टक्का तुमच्या वार्षिक उत्पन्नात मिळवतात आणि त्यावर आयकर लावतात. नेहमीच्या गाड्यांना तेव्हा हा टक्का २५ होता. २०१२ आणि २०१३ मध्ये सरकारने ठरवलं, की किलोमीटरला ५० ग्रॅमच्या आत कार्बन डायऑक्साइड सोडणाऱ्या गाडीला हा टक्का शून्य. आणि गाडी २०१३ संपायच्या आत रस्त्यावर आली तर ही सवलत पुढे साठ महिने लागू.

जरा हिशेब मांडू. गाडीची किंमत ४० हजार युरो धरा. २५ टक्के म्हणजे १० हजार युरो उत्पन्नात वाढले. त्यावर ४२ टक्के कर म्हणजे वर्षाला ४,२०० युरो. पाच वर्षांचे २१ हजार. प्लग-इन घेतली तर हे २१ हजार शून्य! मला सांगा, कुठला संसारी माणूस ही गाडी घेणार नाही?

आणि ५० ग्रॅमच्या आत बसणाऱ्या मोठ्या, पाच माणसं ऐसपैस बसतील अशा गाड्या नेमक्या त्याच वेळी आल्या. व्होल्व्होची डिझेलवाली व्ही-६० प्लग-इन होती, आणि मित्सुबिशीची आउटलँडर. आउटलँडर २०१३ च्या शेवटी युरोपात आली. डिसेंबर २०१३ मध्ये जवळजवळ पाच हजार गाड्या खपून ती त्या महिन्यात हॉलंडमधली सर्वांत जास्त विकली गेलेली नवी गाडी ठरली. जवळपास पावणेदोन-दोन टनांची, उंच, दोन लिटर इंजिनाची गाडी, आणि कागदावर किलोमीटरला ४४ ग्रॅम, १०० किलोमीटरला १.९ लिटर पेट्रोल. लिटरला बावन्न किलोमीटरच्या वर!

हा १.९ कसा निघाला ते बघण्यासारखं आहे. गणित सातवीतल्या मुलाला जमेल असं आहे, म्हणून फळ्यावर मांडते. युरोपच्या जुन्या चाचणीचा नियम असा होता : गाडी आधी भरलेल्या बॅटरीवर जाईल तितकी न्या. आउटलँडर गेली ५२ किलोमीटर, पेट्रोल शून्य. मग रिकाम्या बॅटरीवर चालवून पेट्रोल मोजा. ते निघालं १०० किलोमीटरला ५.८ लिटर. आता यांची सरासरी करायची, तर बॅटरी संपल्यावर माणूस चार्जिंग न करता किती किलोमीटर जातो, हे हवं. नियमाने उत्तर देऊन ठेवलं होतं, २५ किलोमीटर. म्हणजे एकूण प्रवास ७७ किलोमीटर, त्यातले २५ पेट्रोलवर, त्यांना लागलं १.४५ लिटर. ७७ किलोमीटरला १.४५, तर १०० ला किती? १.८८. झालं, लिहा १.९.

सगळं गणित त्या २५ वर उभं आहे. तिथे २५ च्या जागी २०० घाला, म्हणजे दोन चार्जिंगच्या मध्ये माणूस २०० किलोमीटर पेट्रोलवर गेला असं धरा, तर उत्तर साडेचार लिटरच्या वर जातं आणि गाडी सवलतीच्या बाहेर पडते. चार्जिंग केलंच नाही तर ५.८. आणि तेसुद्धा प्रयोगशाळेतलं, जिथे वारा नाही, पाऊस नाही आणि महामार्गावरचा वेगही तासनतास नाही.

त्या सुमाराला, म्हणजे २०१४ च्या उन्हाळ्यात, मी आणि हे ॲमस्टरडॅमजवळच्या ॲमस्टेलव्हेनला मुलीकडे तीन महिने राहिलो होतो. जावयांना ऑफिसकडून अशीच एक गाडी मिळालेली होती. (कुठल्या कंपनीची ते महत्त्वाचं नाही.) एकदा बाजारहाट करून आल्यावर डिकीत पिशव्या ठेवताना मला एका कोपऱ्यात काळी झिपवाली बॅग दिसली. आत जाडजूड वायर, अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात.

मी विचारलं, "ही कसली हो वायर?"

जावई हसले. म्हणाले, "आई, ही गाडी चार्ज करायची असते."

"मग करत नाही?"

"कुठे करू?" असं म्हणून त्यांनी वर बोट दाखवलं. चौथ्या मजल्यावर फ्लॅट, गाडी रस्त्याच्या कडेला. चार्जिंगचा खांब दोन गल्ल्या पलीकडे, आणि त्याला बहुधा कोणीतरी आधीच चिकटलेलं. नगरपालिकेकडे अर्ज करता येत होता, पण तो केव्हा मंजूर होणार! शिवाय पेट्रोलचं कार्ड ऑफिसचं होतं. पंपावर जायचं, कार्ड घासायचं, निघायचं. विजेचे पैसे मात्र स्वतःचे.

मी स्वभावाप्रमाणे कागद-पेन्सिल घेऊन बसले. बॅटरी साधारण १२ युनिटची, म्हणजे त्या वेळच्या घरगुती दराने अडीच-तीन युरो. त्यात खरोखरीचे ३५ किलोमीटर मिळतात. तेवढ्याच अंतराला पेट्रोल लागेल पावणेतीन लिटर, म्हणजे पाच युरोच्या आत-बाहेर. वीज स्वस्त पडली की नाही? पडली, पण कोणाला? जावयांच्या खिशातून पेट्रोलला शून्य जात होतं आणि विजेला तीन युरो जाणार होते. देशाच्या दृष्टीने स्वस्त ते माणसाच्या दृष्टीने महाग, अशी ती रचना होती. रोज रात्री पावसात दोन गल्ल्या चालत जाऊन वायर लावायची आणि वर पैसे द्यायचे, हे कोण आणि कशासाठी करील? मुलगी मात्र म्हणाली, "आई, तुला सुट्टीत तरी गणितं सुचतात कशी गं!"

असो. ही एकट्या आमच्या घरची कथा असती तर मी लेख लिहिला नसता. हॉलंडच्या टीएनओ या संशोधन संस्थेने पेट्रोलच्या कार्डांवरच्या नोंदी तपासल्या. अशा गाड्यांचे विजेवर होणारे किलोमीटर एकूण किलोमीटरच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी निघाले. ब्रिटनमध्ये द माइल्स कन्सल्टन्सी नावाच्या संस्थेने कंपन्यांकडच्या अशा सुमारे दीड हजार गाड्यांचा हिशेब २०१८ मध्ये बाहेर काढला. जाहिरातीतला आकडा सरासरी लिटरला ४६ किलोमीटर, रस्त्यावरचा १४. आणि मुदत संपल्यावर परत आलेल्या काही गाड्यांच्या डिकीत वायर जशीच्या तशी वेष्टनात सापडली होती. ती बातमी वाचून मी मुलीला फोन केला, की बघ, तुमच्या डिकीतली वायर एकटी नव्हती.

मोठा अभ्यास झाला तो जर्मनीच्या फ्राउनहोफर संस्थेने आणि आयसीसीटी या संस्थेने मिळून २०२० मध्ये केलेला. युरोप, अमेरिका आणि चीनमधल्या सुमारे एक लाख गाड्या त्यात होत्या. कागदावर विजेचा वाटा सरासरी ६९ टक्के धरलेला. प्रत्यक्षात स्वतःच्या गाड्यांचा ३७ टक्के, कंपनीच्या गाड्यांचा २०. दोन वर्षांनी फक्त युरोपातल्या नव्या गाड्या पुन्हा तपासल्या. कागदावर लिटरला साठेक किलोमीटर, खाजगी मालकांच्या हातात २३ ते २५, कंपनीच्या गाडीत १२-१३.

या आकड्यांतला फरक मला बोलका वाटतो. गाडी तीच, देश तोच, रस्ते तेच. ज्याच्या खिशातून पेट्रोल जातं तो चार्ज करतो, पूर्ण नाही पण बऱ्यापैकी. ज्याच्या जात नाही तो करत नाही. आणि युरोपात अशा गाड्यांतल्या फार मोठ्या संख्येने गाड्या कंपन्यांच्याच होत्या, कारण सवलती तिथे होत्या.

चार्ज न करता चालवली तर या गाडीचं होतं तरी काय, असा प्रश्न काहींना पडेल. बिघडत नाही. बॅटरी ठरावीक पातळीच्या खाली ती जाऊच देत नाही, आणि मग साध्या हायब्रीडसारखी ब्रेकवरची वीज उचलत पेट्रोलवर चालत राहते. शहरात ठीकच असते. फक्त मोठ्या बॅटरीचं ओझं जन्मभर वाहते. महामार्गावर ब्रेक फारसे लागत नाहीत, त्यामुळे वीज परत मिळत नाही, आणि तिथे ती निव्वळ एक जड पेट्रोलची गाडी होते. काही गाड्यांत तर चालत्या इंजिनावर बॅटरी भरण्याचं बटण असतं. म्हणजे पेट्रोल जाळून वीज करायची, ती साठवायची आणि पुन्हा वापरायची. घरात नळ असताना टँकर मागवण्यातला प्रकार! (उलट टोकही आहे बरं का. व्होल्टचे काही मालक इतकं चार्जिंग करायचे की टाकीतलं पेट्रोल शिळं व्हायची वेळ येई. म्हणून वर्षभर पेट्रोल संपलं नाही तर गाडी आपण होऊन इंजिन सुरू करून ते जाळी.)

ही गोष्ट बाहेर आली तेव्हा युरोपातल्या वर्तमानपत्रांत बराच राग उमटला, आणि तो बहुतेक गाडी चालवणाऱ्यांवर होता. फुकट्ये, करबुडवे, खोटे हिरवे वगैरे. मला हे कधी पटलं नाही. जावई आहेत म्हणून मी बाजू घेते आहे असं कोणी म्हणेल, म्हणोत. पण त्यांनी कुठला नियम मोडला? गाडी चार्ज करा असं कायद्यात, करारात, सवलतीच्या अर्जात कुठेच लिहिलेलं नव्हतं. सवलत गाडीच्या कागदाला होती, चार्जिंगला नव्हती. वीजबिल दाखवा आणि सवलत घ्या, अशी साधी अट असती तरी चित्र पालटलं असतं.

मी नोकरीला लागले तेव्हा शाळेचं अनुदान पटावर ठरायचं. मग पट भरलेला असायचा. वर्गात डोकी किती, हे विचारायला वर्षातून एकदा साहेब यायचे, आणि ते यायच्या दिवशी वर्गही भरलेला असायचा. आमच्या गावाकडे अनुदानावर बांधलेल्या गोबरगॅसच्या टाक्या होत्या, त्यांतल्या दोनतीनमध्ये कधी पाटीभर शेणही पडलं नव्हतं. कारण पैसे टाकी बांधण्याचे मिळत होते, गॅस पेटवण्याचे नव्हते. तेव्हा हॉलंडची गोष्ट वाचताना मला परकं काहीच वाटलं नाही. फक्त आपल्याकडे अशा गोष्टींना गावंढळ म्हणतात आणि तिकडे धोरण म्हणतात, एवढाच काय तो फरक.

माझा रोख आहे तो त्या २५ किलोमीटरवर. तो आकडा ठरवणाऱ्यांनी माणूस रोज संध्याकाळी स्वतःच्या गॅरेजात गाडी आणतो असं धरलं. २०१७ पासून युरोपात नवी चाचणी आली, तीही दिवसाची सुरुवात भरलेल्या बॅटरीने होते असं धरूनच. चौथ्या मजल्यावरचा भाडेकरू, दिवसाला दोनशे किलोमीटर फिरणारा विक्रेता, पेट्रोलचं कार्ड, यांतलं कोणी त्या सूत्रात नव्हतं. आणि कंपन्यांना तर ते सोयीचंच होतं. युरोपात गाडी कंपन्यांना त्यांच्या सगळ्या नव्या गाड्यांची मिळून सरासरी ठरावीक ग्रॅमच्या आत ठेवावी लागते, नाहीतर दंड. ४४ ग्रॅमची एक गाडी विकली की धुराच्या दोन गाड्यांना जागा होते. त्या ४४ ग्रॅमच्या गाडीला चालवणारा प्लग लावतो की नाही, याची चौकशी करायचं कोणालाच कारण नव्हतं.

सवलतीसाठी प्लग, हा प्रकार इतर ठिकाणीही झाला. कॅलिफोर्नियात २०१२ पासून प्लग-इन गाडीला हिरवं स्टिकर मिळे, आणि ते असलं की गाडीत एकटा माणूस असला तरी गर्दीच्या वेळी राखीव लेनमधून जाता येई. बॅटरीवर जेमतेम अकरा मैल जाणारी प्रियसची प्लग-इन लोकांनी त्यासाठीही घेतली. अशा स्टिकरांची सगळी योजनाच ३० सप्टेंबर २०२५ ला बंद झाली. शांघायमध्ये पेट्रोलच्या गाडीची नंबरप्लेट लिलावात घ्यावी लागते, तिला नव्वद हजार युआनच्या आसपास पडतात. प्लग-इनला ती फुकट होती. १ जानेवारी २०२३ पासून तीही सोय संपली.

हॉलंडचं सरकार तसं लवकर शहाणं झालं. शून्याचे २०१४ मध्ये ७ टक्के झाले, २०१६ मध्ये १५, आणि २०१७ पासून प्लग-इनला साध्या गाडीइतकेच २२. प्रत्येक वाढीच्या आधीच्या डिसेंबरात मात्र शोरूममध्ये झुंबड उडे. पाच-पाच वर्षांची मुदत संपल्यावर त्यांतल्या बऱ्याच गाड्या परदेशी विकल्या गेल्या, म्हणजे हॉलंडच्या करदात्याने सवलत दिली आणि गाडी गेली दुसऱ्याच देशात. ब्रिटनने ऑक्टोबर २०१८ मध्ये प्लग-इनचं खरेदी अनुदान थांबवलं, जर्मनीने २०२२ च्या शेवटी.

पण मला सर्वांत महत्त्वाचा बदल वाटतो तो वेगळाच आहे, आणि त्याची फारशी चर्चा झाली नाही. २०२१ पासून युरोपात विकल्या जाणाऱ्या पेट्रोल-डिझेलच्या आणि प्लग-इन नव्या गाड्यांत पेट्रोल आणि वीज यांचा प्रत्यक्ष खर्च नोंदणारं मोजमाप बसवणं सक्तीचं झालं. म्हणजे आता पट बघायची गरज नाही, डोकी मोजता येतात. या नोंदींचा पहिला मोठा अहवाल युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केला, सुमारे सहा लाख गाड्यांचा. पेट्रोल-डिझेलच्या साध्या गाड्या कागदापेक्षा सुमारे वीस टक्के जास्त धूर सोडत होत्या. प्लग-इन गाड्या साडेतीन पट.

या नोंदींकडे बघून सूत्रातला विजेचा वाटा कमी धरायचं ठरलं, पहिली पायरी २०२५ ची आणि दुसरी २०२७ ची. म्हणजे गाडी न बदलता तिचा कागदावरचा धूर वाढणार. कंपन्यांनी त्याला दोन प्रकारे उत्तर दिलं आहे. काही जण सूत्र पुन्हा सैल करा म्हणून आयोगाच्या मागे लागले आहेत. आणि सगळ्यांनीच बॅटऱ्या मोठ्या करायला घेतल्या आहेत, आता शंभर किलोमीटर विजेवर जाणाऱ्या प्लग-इन निघू लागल्या. जावयांचं घर आता तळमजल्यावर आहे आणि दारात स्वतःचा चार्जर आहे, पण गाडी त्यांनी पूर्ण विजेची घेतली. मी विचारलं, प्लग-इन का नाही घेतली? तर म्हणाले, "आई, आता पेट्रोलचे पैसे माझे मला भरावे लागतात."